डबीपासून पंधरा फूट

२ फेब्रुवारी २००७, शुक्रवार. अल हैल.

आजपासून रोजनिशी. डॉ. जोहरा म्हणाल्या, काका, चक्कर आली, धडधडलं, तर तारीख-वेळ लिहून ठेवत जा. त्यांनी सांगितलं म्हणून लिहीत नाहीये. इंजिनिअरला नोंदी ठेवायची सवय असतेच. आणि काका कोणाला म्हणतात? मी फक्त चोपन्न वर्षांचा आहे.

वस्तुस्थिती अशी. ११ जानेवारीला इथे आखातात, रुसैलच्या आमच्या पाइप फॅक्टरीत कॉम्प्रेसरजवळ उभा असताना पडलो. सकाळचा नाश्ता केला नव्हता, बाकी काही नाही. आमचा फोरमन सादिक घाबरला आणि अँब्युलन्स येईपर्यंत माझी छाती दाबत बसला. दोन बरगड्या अजून दुखतात. मोठ्या मनाने त्याला काही बोललो नाही. पुढे हॉस्पिटलवाल्यांनी डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या खाली, कातडीच्या आत एक डबी बसवली. काडेपेटीहून जरा मोठी. हृदय बेफाम पळायला लागलं की ही डबी आतून शॉक देऊन त्याला ताळ्यावर आणणार. पळालं तर. माझं पळणार नाही.

निश्चय:
१. पेशंटसारखं वागायचं नाही.
२. रोज समुद्राकाठी तीन किलोमीटर चालायचं.
३. ललिताला नागपूरला पाठवायचं.

आमच्या श्वेताला सातवा महिना आहे. मेच्या पहिल्या आठवड्यातली तारीख. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ललिता मार्चमध्येच जाऊन नागपूरचा फ्लॅट उघडणार होती आणि श्वेताला सासरहून आणणार होती. आता म्हणते, तुम्हाला एकट्याला टाकून मी कुठ्ठे जायची नाही, श्वेता राहील सासरी, मी फोनवर आहेच. म्हटलं, जा, मला काही झालेलं नाही. नाही म्हणाली. निश्चय क्रमांक ३ खोडला.

३ फेब्रुवारी, शनिवार.

चालणं उद्यापासून. आज वारा होता.

४ फेब्रुवारी, रविवार.

ड्यूटीवर हजर. अर्बाबने, म्हणजे मालकाने, माझं टेबल मशीनांपासून लांब, ऑफिसात नेऊन ठेवलंय. डॉक्टरची चिठ्ठी म्हणे. मोठ्या मोटरी आणि वेल्डिंग यांच्या जवळ जायचं नाही. सव्वीस वर्षं मी मोटरी उघडून परत बांधतोय. माझी-त्यांची ओळख डॉ. जोहरांच्या जन्माआधीची नसेल, पण त्यांच्या कॉलेजच्या आधीची नक्की आहे. जेवणाच्या सुट्टीत शॉप फ्लोअरवर गेलोच. सादिक दोन्ही हात पसरून आडवा आला. म्हसळ्याचा माणूस, बोलायला गोड. म्हणाला, साहेब, तुमी बाहेरच र्‍हावा, मना पुन्ना तुमची छाती दाबायची हिंमत नाय. यल्ला, चाय पिऊया.

चहा घेतला. माघार नाही, फक्त चहा.

९ फेब्रुवारी, शुक्रवार.

महत्त्वाचा शोध. ऑफिसच्या इंटरनेटवर वाचलं की मोबाइलच्या लहरी अशा डब्यांना गोंधळात टाकू शकतात. डॉ. जोहरांनी हे किती हलक्यात घेतलं! त्या म्हणाल्या होत्या, मोबाइल वापरा की, फक्त डाव्या खिशात ठेवू नका, उजव्या कानाला लावा, वीतभर लांब असला की पुरे. वीतभर! लहरी वीत मोजून येतात का? उलट मोटरींना मात्र घाबरतात. सगळं उलटं शिकवलंय यांना.

त्यांनी दिलेलं माहितीचं पुस्तकही आहे. चाळीस पानं. मी अकरा हजार व्होल्टच्या पॅनेलची मॅन्युअलं वाचलेला माणूस, मला हे काय सांगणार? ललिता वाचत बसलीय. बसू दे.

हिशोब करून सुरक्षित अंतर ठरवलं: पंधरा फूट. हिशोब इथे मांडत नाही, जागा कमी आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार.

घरात नियमावली लावली, फ्रिजवर. मोबाइल माझ्यापासून पंधरा फूट. आमचा हॉल चौदा फुटांचा आहे, म्हणजे मोबाइल घराबाहेर. घरातला कॉर्डलेस फोनही काढून ठेवला, तोही शेवटी रेडिओच. ललिता म्हणाली, अहो, मग श्वेताशी बोलू कुठून? म्हटलं, साधा वायरचा फोन आणतो, रुवीच्या बाजारात गेलो की. तोपर्यंत खाली पार्किंगमध्ये जाऊन बोल. तेवढाच तुला व्यायाम.

चालणं उद्यापासून.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार.

यंदाच्या जयंती समितीचा अध्यक्ष म्हणून माझी निवड. एकमताने. रविकांतचं नाव पुढे आलं होतं, पण मी हजर होतो. रविकांत सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर सहा महिन्यांनी नवा मोबाइल आणि प्रत्येकात नवं गाणं. त्याला सेक्रेटरी केलं. चौदा एप्रिलला शनिवार, कामाचा दिवस, म्हणून कार्यक्रम वीस एप्रिलच्या शुक्रवारी. हॉल ठरला, तीनशे माणसं येतील. आपली माणसं सोहारहून येतात, सूरहून येतात.

माझ्या तब्येतीबद्दल समितीला काही सांगितलेलं नाही. ललितालाही बजावलंय. एकदा पेशंट म्हणून शिक्का बसला की लोक खुर्ची देतात आणि माइक काढून घेतात.

पहिला ठराव मी मांडला. दरवर्षी समितीचे बिल्ले टाचणीने लावतात. चांगल्या कोटाला भोकं पडतात, शिवाय बिल्ला लोंबतो. मी इंजिनिअरी उपाय सुचवला: मॅग्नेटचे बिल्ले. बिल्ला बाहेर, लोहचुंबकाची पट्टी कापडाच्या आत, चिकटून बसतात. टाळ्या.

२८ फेब्रुवारी, बुधवार.

रुवीला गेलो. साइनबोर्डवाल्याकडे बारा बिल्ल्यांची ऑर्डर दिली. त्याला सांगितलं, पट्टी जोरदार पाहिजे, हलता कामा नये.

वायरचा फोन राहिला. पार्किंगची कटकट होती.

९ मार्च, शुक्रवार.

बिल्ले आले. सुंदर. निळ्यावर पांढरी अक्षरं, माझ्यावर ‘अध्यक्ष’. समितीच्या बैठकीत सगळ्यांनी लावले. फोटोवाले नेहमी छातीवर कापतात, म्हणून मी माझा जरा वर लावला, कॉलरच्या खाली, डावीकडे.

आणि मोबाइलबद्दलचं माझं म्हणणं आज सिद्ध झालं. बैठक सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच कुठूनतरी बारीक आवाज. टिक, टिक, टिक. मी विचारलं, कोणाचा मोबाइल? सगळे म्हणाले, आमचा नाही. रविकांत तर म्हणाला, सर, माझा गाडीत आहे. मी म्हटलं, रविकांत, खरं बोल. आवाज जलद झाला. मी टेबलावर हात आपटला. आवाज आणखी जलद. मी जितका मुळाशी जात होतो तितका तो मोबाइल बिथरत होता. शेवटी बैठक आटोपती घेतली. गाडीत बिल्ला काढून ठेवला. घरी शांत. घरात मोबाइल नाही ना.

१० मार्च, शनिवार.

ललिताने विचारलं, बैठक लवकर कशी संपली? सांगितलं, शिस्तीचा प्रश्न होता.

१६ मार्च, शुक्रवार.

पुन्हा तोच प्रकार. या वेळी मी सगळ्यांचे मोबाइल बंद करून बाहेरच्या खोलीत ठेवायला लावले. तरी टिक टिक. म्हणजे कोणाकडे तरी दुसरा आहे. रविकांतचे खिसे तपासावेत असा ठराव मांडला. अनुमोदन मिळालं नाही. रविकांत म्हणाला, सर, आवाज तुमच्याच बाजूने येतोय. त्याला सांगितलं, लहरी परावर्तित होतात. त्याने मान खाली घालून इतिवृत्त लिहायला घेतलं. विज्ञानापुढे मान खाली जातेच.

२४ मार्च, शनिवार.

ललिता आज दुपारी पाऊण तास पार्किंगमध्ये होती. वॉचमनने तिला प्लास्टिकची खुर्ची दिलीय. वर आली ती घामाने भिजून. श्वेताचे पाय सुजलेत, बीपी जरा वर आहे, असं म्हणाली. म्हटलं, होतं या दिवसांत. ती म्हणाली, तुम्हाला किती बाळंतपणं झाली?

वायरचा फोन या आठवड्यात नक्की.

३१ मार्च, शनिवार.

आज डॉ. जोहरांकडे डबीची तपासणी होती. फोन करून पुढे ढकलली. आजच स्टेजच्या बॅनरवाल्याला भेटायचं होतं. डॉ. जोहरा म्हणाल्या, काका, पहिली तपासणी चुकवायची नसते हो. मी दापोलीच्या माझ्या बापालासुद्धा चुकवू देत नाही. म्हटलं, तुमच्या वडिलांवर तीनशे माणसांच्या कार्यक्रमाची जबाबदारी आहे का? नाही म्हणाल्या. चोवीस एप्रिल दिली. (फोन ऑफिसातल्या वायरवाल्या फोनवरून केला.)

६ एप्रिल, शुक्रवार.

घरात कटकट. ललिता म्हणते, श्वेताला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, केव्हाही न्यावं लागेल, मोबाइल माझ्या उशाशी पाहिजे. मी तडजोड सुचवली: पंधराचे बारा फूट. म्हणजे तो चपलांच्या कपाटात राहू शकतो, व्हायब्रेटवर. ललिता म्हणाली, पुस्तकात वीतभर लिहिलंय, मी दोनदा वाचलंय. आणि त्यात आणखीही बरंच काही लिहिलंय, तुम्ही एकदा वाचा. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याच्या छातीत डबी आहे का? उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत होती. भांडी दोनच होती.

तिला पुन्हा म्हटलं, नागपूरला जायचं तर जा. ती म्हणाली, तुम्ही पडलात तेव्हा सादिक होता. घरात पडलात तर कोण आहे?

मी पडणार नाही हे हिला कितीदा सांगायचं?

१४ एप्रिल, शनिवार.

सकाळी घरीच वंदना. त्रिशरण, पंचशील, मेणबत्त्या, ललिताची खीर. मग ड्यूटी. छातीत काही नाही, आवाज नाही. घरात मोबाइल नसला की सगळं शांत, हे आज पुन्हा नोंदवतो. लग्नाच्या वाढदिवसालाही असं शांत वाटलं नव्हतं.

१९ एप्रिल, गुरुवार.

उद्या कार्यक्रम. बंदोबस्त केलाय. हॉलच्या दारात दोन मोठ्या टोपल्या. येणाऱ्या प्रत्येकाने मोबाइल बंद करून टोपलीत टाकायचा, मगच आत. रविकांत म्हणाला, सर, लोक चिडतील, घरून फोन येतात. मी म्हटलं, बाबासाहेब शिस्तीचे होते. रविकांत म्हणाला, ते खरं आहे, पण टोपलीचं त्यांनी कुठे सांगितलेलं नाही. दुर्लक्ष केलं.

ललिताने फक्त एक विनंती केली. आपला मोबाइल ती शेवटच्या रांगेत, माझ्यापासून शंभर फुटांवर, पर्समध्ये ठेवणार. सकाळी श्वेताला तपासणीला नेणार आहेत. मी नीट समजावून सांगितलं. अध्यक्षाच्या बायकोने नियम मोडला तर तीनशे लोकांना काय तोंड दाखवू? ती उठून माझ्या कोटाला इस्त्री करायला लागली. पटलं असावं.

कोट जाड आहे म्हणून बिल्ल्याला डबल पट्टी लावून घेतली.

२० एप्रिल, शुक्रवार, सकाळी ८.

भाषण पाठ. कोट इस्त्री. तब्येत उत्तम. आज दाखवून देतो.

२१ एप्रिल, शनिवार.

काल सकाळनंतर लिहिलं नाही. आज ड्यूटीवरही गेलो नाही. जसं झालं तसं लिहितो, शास्त्रीय नोंद म्हणून.

दोन्ही टोपल्या गच्च भरल्या. ललिताने आपला मोबाइल सगळ्यांत शेवटी टाकला. मी स्टेजवर गेलो. माइक कोटाला लावायचा होता, छोटा, क्लिपचा. तो बिल्ल्याशेजारी लावला. जय भीम म्हटलं, टाळ्या झाल्या आणि स्पीकरमधून टिक, टिक, टिक. चारही स्पीकरमधून. तीनशे माणसांनी ऐकलं.

मी भाषण थांबवलं. म्हटलं, कोणीतरी मोबाइल आत आणलाय, त्याने उभं राहावं. कोणी उभं राहिलं नाही. मी चढ्या आवाजात म्हटलं, ही समाजाशी गद्दारी आहे. स्पीकरमधून टिकटिकटिकटिक. मागची पोरं हसायला लागली. मी रविकांतला स्टेजवर बोलावलं आणि सगळ्यांसमोर खिसे उलटे करायला लावले. एक रुमाल, एक गाडीची किल्ली, मुलीच्या शाळेच्या बसची पावती. त्याचा चेहरा मी बघितला नाही. म्हणजे बघितला, पण लिहीत नाही.

मग ललिता उठली. शेवटच्या रांगेतून चालत आली, पायऱ्या चढली, आणि तीनशे माणसांदेखत माझ्या छातीला कान लावला. त्या वेळी स्पीकर अगदी जलद वाजत होते. तिने बिल्ला धरला आणि ओढला. डबल पट्टी, कोटासकट ओढला गेला. बिल्ला सुटला आणि आवाज बंद. ती हळू म्हणाली, सतरावं पान. लोहचुंबक जवळ आलं की डबी हृदयाच्या ठोक्यागणिक वाजते आणि काम बंद करते. माइक चालू होता.

मला खुर्ची दिली. भाषण रविकांतने केलं. चांगलं केलं, असं म्हणतात.

जेवणाच्या वेळी लोक टोपल्यांवर तुटून पडले. ललिताला तिचा मोबाइल मिळायला वीस मिनिटं लागली. चालू केला तेव्हा मेसेजवर मेसेज येत राहिले. जावयाचे चौदा मिस्ड कॉल. तपासणीत श्वेताचं बीपी फार वाढलेलं निघालं, तिथूनच तिला सिझेरियनला आत नेलं. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आत नेण्याआधी श्वेता स्ट्रेचरवर मोबाइल धरून बसली होती, आईशी बोलू द्या, एकदाच बोलू द्या, म्हणत होती. जावयाने लावून लावून बघितला. मग नर्सने मोबाइल काढून घेतला.

ललिता हे जावयाकडून मोबाइलवर ऐकत हॉलच्या दारात उभी होती. मी पंधरा फुटांवर उभा होतो, सवयीने. आजोबा झालो हे मला रविकांतने सांगितलं. त्याने माझा हात हातात घेतला होता.

मला लाज वाटली. एवढंच लिहायचं होतं.

२४ एप्रिल, मंगळवार.

डॉ. जोहरा. त्यांनी छातीवर एक चपटं यंत्र ठेवलं आणि डबीच्या आतली माहिती कागदावर काढली. डबी स्वतः नोंदी ठेवते हे मला माहीत नव्हतं. तारीख आणि वेळ. ९ मार्च, एक तास. १६ मार्च, अडीच तास. २० एप्रिल. माझ्या रोजनिशीतल्याच तारखा, फक्त त्यात रविकांतचं नाव कुठे नाही. डॉक्टर म्हणाल्या, काका, तेवढे तास ही हातावर हात ठेवून बसली होती. तेव्हा जानेवारीसारखं झालं असतं तर हिने काही केलं नसतं. मग म्हणाल्या, मोबाइलने काही केलेलं नाही, एकदाही नाही.

मी म्हटलं, साइनबोर्डवाल्याने पट्टी गरजेपेक्षा जोरदार दिली. त्यांनी ललिताकडे बघितलं. ललिताने खिडकीकडे बघितलं.

ललिताने त्यांना विचारलं, मी नागपूरला गेले तर चालेल का? डॉक्टर म्हणाल्या, जा हो काकी, बिनधास्त जा, डबी ठीक आहे. काकांनी बिल्ला लावला नाही म्हणजे झालं.

२७ एप्रिल, शुक्रवार.

ललिताला एअरपोर्टवर सोडलं. सादिकने गाडी चालवली. ती दोन बॅगा घेऊन आत गेली. मागे वळून तिने सादिकला सांगितलं, साहेबांच्या गोळ्या. मला काही सांगितलं नाही. बहुतेक गर्दी होती.

वाटेत रुवीला थांबलो. वायरचा फोन घेतला. मग मोबाइलही घेतला, माझा स्वतःचा पहिला. सादिकने चालू करून दिला. उजव्या कानाला लावला. काही झालं नाही.

४ मे, शुक्रवार, सकाळी ९.

आठवडा एकट्याने उत्तम काढला. दोनदा भात लागला, भांडं खराब होतं. समुद्रावर चालायला गेलो, दोन दिवस.

आज ललिताला फोन करायचं ठरवलं. माफी वगैरे मागायची नव्हती. पण विषय निघालाच तर अडखळायला नको, म्हणून चार वाक्यं कागदावर लिहून घेतली. त्यातली दोन खोडली, मग पुन्हा लिहिली. कागद पुढ्यात ठेवून नंबर लावला. तिकडे साडेदहा.

श्वेताने उचलला. मागे बाळ कुरकुरत होतं. म्हणाली, बाबा, आई झोपलीय. आल्यापासून झोपतेच आहे, जेवायला उठवावं लागतं. म्हणते, जानेवारीपासून रात्रभर तुमच्या छातीवर हात ठेवून जागी राहायची, चालतंय ना बघत. उठवू का तिला?

नको, झोपू दे म्हणालो. काही काम होतं का, तिने विचारलं. म्हटलं, नाही, असाच केला होता.